'काही लागलं तर सांगा' म्हणून झाल्यावर: रोजच्या कामांतली ख्रिस्ती प्रीती

मोहरीचा दाणा

जय ख्रिस्त मंडळी.

कुणाच्या घरी आजारपण आलं, मयत झाली, नोकरी गेली की आपण सगळेच एक वाक्य बोलतो, "काही लागलं तर सांगा हं." मनापासून बोलतो. पण त्या वाक्याने सगळं काम समोरच्यावर पडतं. काय मागायचं, कुणाकडे मागायचं, किती मागितलं तर शोभेल, हे त्यानेच ठरवायचं आणि तेही डोकं चालत नसताना. बहुतेक जण मागतच नाहीत. याकोबाच्या पत्रात (2:15-16) नेमका हाच प्रसंग आहे. उघड्या आणि उपाशी भावंडाला "सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा" म्हणायचं आणि हातावर काहीच ठेवायचं नाही.

प्रीती म्हणजे काय यावर प्रवचनं पुष्कळ ऐकली आहेत. या धाग्यात कृती हवी आहे: काय करायचं, किती, किती दिवस, आणि कुठे बिघडतं. स्वतःच्या आठवणींपेक्षा दुसऱ्याला उचलून वापरता येईल अशी माहिती लिहावी ही विनंती. आजारी माणसं, पैशांचे हिशेब, शोक, अपंगत्व यांतलं ज्यांना नीट कळतं त्यांनी नक्की लिहा. नोकरी आणि घर सांभाळून आठवड्यात जमेल इतपतच.

उंबरठा

चांगला धागा. सुरुवात त्या वाक्यापासूनच करू या.

मदत देऊ करताना तीन गोष्टी ठरलेल्या असाव्यात: काम, वेळ, आणि नकाराची सोपी वाट. उदाहरणार्थ, "गुरुवारी संध्याकाळी 7 वाजता चौघांचं जेवण दाराशी आणून ठेवते. नको असेल तर फक्त 'नको' लिहा, कारण सांगायची गरज नाही." किंवा, "शनिवारी सकाळी मी बाजारात जाणार आहे. तुमची यादी शुक्रवारी रात्रीपर्यंत पाठवलीत तर तुमचंही सामान आणतो." यात समोरच्याला फक्त हो किंवा नको म्हणायचं असतं.

काय हवं ते ठाऊकच नसेल तर विचारावं, पण प्रश्न अरुंद असावा. बार्तीमय आंधळा आहे हे सगळ्यांना दिसत होतं, तरी प्रभूने त्याला विचारलं की मी तुझ्यासाठी काय करावं (मार्क 10:51). म्हणजे विचारायचं आहेच. फक्त थकलेल्या माणसाला "काय हवं?" यापेक्षा "मुलांना शाळेतून आणू की औषधं आणून देऊ?" याचं उत्तर देणं जमतं.

बिघडतं ते मोठ्या आश्वासनाने. "रोज येत जाईन" म्हणून तिसऱ्या दिवशी न येणारा माणूस त्या घराची जास्त अडचण करतो, कारण त्याच्या भरवशावर दुसऱ्या कुणाला तरी नको म्हटलेलं असतं. जमेल त्याच्या निम्मंच बोलावं. तुमचं होय ते होय असावं (मत्तय 5:37) हे मदतीच्या बाबतीत फार अक्षरशः घ्यायला हवं.

चूल आणि चटई

उंबरठा यांच्याशी सहमत. जेवण पोहोचवण्याबद्दल सविस्तर लिहिते. ही सेवा सगळ्यात जास्त होते आणि सगळ्यात जास्त चुकते.

मंडळीतून पाच-सहा घरं मिळून करणार असतील तर एकच जण समन्वयक हवा, आणि त्या घरातलाही एकच माणूस संपर्काला. सगळ्यांनी आजारी बाईलाच फोन केले तर जेवण मिळतं, पण झोप जाते. समन्वयकाने पहिल्याच दिवशी विचारून घ्यायचं: माणसं किती, लहान मुलं किती वयाची, कशाची अॅलर्जी आहे, डॉक्टरांनी काय बंद केलं आहे, जेवायची वेळ कोणती, फ्रिजमध्ये जागा किती. हे एकदा लिहून सगळ्यांना द्यायचं, म्हणजे तेच प्रश्न पाच वेळा विचारले जात नाहीत.

रोज पाठवू नका, एक दिवसाआड पाठवा. रोजच्या जेवणाने उरलंसुरलं साचतं आणि ते टाकताना त्या घराला अपराधी वाटतं. शिवाय पहिल्या आठवड्यात गर्दी आणि तिसऱ्या आठवड्यात कुणीच नाही, असं हमखास होतं. तेवढ्याच पाळ्या 6 ते 8 आठवड्यांवर पसराव्यात. शस्त्रक्रिया किंवा बाळंतपणानंतर खरा थकवा पाहुणे परतल्यावर जाणवतो.

शिजवलेलं अन्न बाहेर 2 तासांपेक्षा जास्त राहू नये. हवा 32 अंश सेल्सिअसच्या वर असेल तर 1 तास. फ्रिजचं तापमान 5 अंश किंवा त्याखाली हवं, आणि ठेवलेलं अन्न 3-4 दिवसांत संपवावं. पुन्हा गरम करताना मध्यभागापर्यंत वाफ आली पाहिजे, म्हणजे सुमारे 74 अंश. नुसतं कोमट करून वाढलेलं अन्न धोक्याचं. मोठं पातेलं तसंच फ्रिजमध्ये ठेवलं तर आतून थंड व्हायला फार वेळ लागतो आणि तेवढ्यात जंतू वाढतात, म्हणून उथळ डब्यांत विभागून ठेवा. डब्यावर तारीख आणि आत काय काय घातलं आहे ते लिहा.

डबे परत मागू नका. परत न करायचे डबे वापरा. नाहीतर कुणाचा डबा कोणता हे लक्षात ठेवायचं काम त्या घरावर पडतं.

पथ्याच्या बाबतीत स्वतःचं डोकं चालवू नका. मूत्रपिंडाच्या रुग्णाला मीठच काय, काही फळं आणि भाज्यासुद्धा पोटॅशियममुळे वर्ज्य असू शकतात. मिठाऐवजी वापरायच्या काही क्षारांतही पोटॅशियम असतं, म्हणून "कमी मिठाचं आहे" एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. कर्करोगावरचे उपचार चालू असताना प्रतिकारशक्ती कमी झालेली असेल तर कच्चं आणि उघडं ठेवलेलं टाळावं लागतं. पक्षाघातानंतर गिळायला त्रास असेल तर पातळ-घट्ट किती चालेल हे तज्ज्ञांनी सांगितलेलंच धरायचं. पाण्याचा घोटसुद्धा श्वासनलिकेत जाऊ शकतो.

डबा दाराशी ठेवा, निरोप पाठवा, परत फिरा.

साधासुधा

शेवटच्या वाक्याशी मात्र सहमत नाही. दाराशी ठेवून परत फिरायचं तर ते काम कुणीही करेल. "मी आजारी होतो आणि तुम्ही माझ्या समाचाराला आलात" असं मत्तय 25 मध्ये आहे. भेट म्हणजे भेट.

चूल आणि चटई

भेटायला जावंच. पण डबा आणि भेट ही दोन वेगळी कामं ठेवा. प्रत्येक डब्याबरोबर अर्ध्या तासाची बैठक आली की घर आवरून, कपडे बदलून, हसरा चेहरा करून दार उघडावं लागतं. बोलावलं तर आत जा.

शुश्रूषा

भेटीबद्दल मी लिहितो.

जाण्याआधी फोन करून विचारा आणि "आज नको" ऐकायची तयारी ठेवा. सर्दी, खोकला, ताप असेल तर जाऊ नका. उलट्या-जुलाब झाले असतील तर ते थांबल्यापासून 48 तास तरी जाऊ नका. आत जाताना आणि बाहेर येताना साबणाने 20 सेकंद हात धुवा. जुलाबाच्या काही जंतूंवर सॅनिटायझर नीट चालत नाही, म्हणून साबण आणि पाणीच.

रुग्णालयात 10 ते 15 मिनिटं पुरे. पलंगावर बसू नका, खुर्ची ओढून डोळ्यांच्या पातळीवर बसा. उभं राहून बोललं की रुग्णाला मान वर करावी लागते आणि तुम्ही निघायच्या घाईत आहात असं वाटतं. पाणी मागितलं तरी परिचारिकेला विचारल्याशिवाय देऊ नका. शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवलेलं असू शकतं. उठवून बसवणं, कूस बदलणं हेही शिकलेल्या माणसाचं काम आहे. काखेत हात घालून ओढलं तर पक्षाघाताच्या बाजूचा खांदा दुखावतो.

प्रार्थना करण्याआधी विचारा, "प्रार्थना करू का? कशासाठी करू?" उत्तर बहुतेक वेळा आपल्या अपेक्षेपेक्षा वेगळं येतं. बरं होण्याआधी रात्रीची झोप लागावी, घरच्यांची काळजी मिटावी असं मागणारे पुष्कळ असतात. प्रार्थना छोटी आणि हळू आवाजात असावी, शेजारच्या खाटेवरचा रुग्णही आजारीच असतो. बरं होण्याची हमी देऊ नका. औषध बंद करायला तर कधीही सांगू नका. "विश्वास कमी पडला" हे वाक्य रुग्णाच्या मनात वर्षानुवर्षं राहतं. सगळं गमावून दुःखात बसलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ काही न बोलता बसले (ईयोब 2:13), तोवर ठीक होतं. बिघडलं ते त्यांनी कारणं सांगायला तोंड उघडल्यावर.

आणि जो दिवसरात्र रुग्णाजवळ असतो त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. आठवड्यातून एकदा 2-3 तास तिथे बसा आणि त्याला झोपायला पाठवा. बसण्याआधी कागदावर लिहून घ्या: कोणतं औषध किती वाजता, कूस कधी बदलायची, काय द्यायचं नाही, कोणती लक्षणं दिसली तर कुणाला फोन. लिहिलेलं नाही ते औषध आपल्या अंदाजाने देऊ नका. माझ्या मते मंडळीकडून होणाऱ्या सेवांमध्ये ही सर्वांत दुर्लक्षित आहे.

मोहरीचा दाणा

फार उपयुक्त. शोकाच्या घराबद्दल कुणी लिहील का?

बेथानी

लिहिते.

मातीच्या दिवशी माणसं कमी पडत नाहीत. कमी पडतात ती दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. म्हणून पहिल्याच आठवड्यात स्वतःच्या कॅलेंडरवर तारखा लिहून ठेवा: एक महिना, तीन महिने, गेलेल्या माणसाचा वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, पहिला नाताळ, पहिलं पुनरुत्थान पर्व (ईस्टर), वर्षश्राद्धाच्या जागी होणारी स्मरणाची उपासना. त्या दिवशी दोन ओळींचा निरोप पुरतो. गेलेल्या माणसाचं नाव घ्या. नाव काढलं की रडू येईल म्हणून सगळे टाळतात, आणि घरच्यांना वाटतं की सगळे विसरले.

वारलेल्या लाजरला पुन्हा जिवंत उठवणार हे ठाऊक असूनही प्रभू रडला (योहान 11:35). तेव्हा "रडू नका, ते देवाजवळ आहेत" असं सांगायची घाई आपणही करू नये. "देवाची इच्छा होती", "देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात" ही वाक्यंही नकोत. लहान मुलासमोर तर मुळीच नकोत, मूल देवालाच घाबरायला लागतं. मुलाला "झोपलेत" किंवा "गावाला गेलेत" असंही सांगू नका. पहिल्याने झोपेची भीती बसते, दुसऱ्याने वाट पाहणं संपत नाही. "वारले, त्यांचं शरीर आता चालत नाही, ते परत येणार नाहीत" इतकं साधं आणि खरं सांगावं, आणि मग पुनरुत्थानाची आशा त्याच्या वयाला झेपेल तशी.

कामाची मदत म्हणाल तर कागदपत्रं. मृत्यूच्या दाखल्याच्या पुरेशा प्रती, बँक, विमा, निवृत्तिवेतन, घराची नोंद, वीज आणि फोन यांची एक यादी करा. प्रत्येकापुढे काय लागतं, कधी गेलो, पुढची तारीख कोणती हे लिहा. रांगेत सोबत उभे राहा. सही मात्र त्यांनीच वाचून करायची, आणि पासवर्ड, मूळ कागद आपल्याकडे ठेवायचे नाहीत. कपडे-वस्तू आवरायला मदत मागितली तरच करा. घाईने रिकामं केलेलं कपाट पुन्हा भरता येत नाही.

साधासुधा

कागदांची यादी पटली. शोकाच्या घरी जाऊन करायचं काय, हा प्रश्न नेहमीच पडतो.

हिशेबवही

पैशांबद्दल लिहायचं राहिलं आहे आणि नाती तिथेच सर्वांत जास्त तुटतात.

पहिला नियम: उसने देताना परत आले नाहीत तरी चालेल इतकेच द्या, आणि ते देण्याआधी मनात ठरवा. लूक 6:35 मध्ये परतफेडीची आशा न धरता उसने द्या असंच आहे. तेवढं झेपत नसेल तर कमी रक्कम भेट म्हणून द्या. दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहताना दहादा विचार करा. जामीनदाराकडून सबंध रक्कम वसूल होऊ शकते, आणि नीतिसूत्रे 22:26-27 मध्ये अंगाखालचं अंथरूण जाईल असा स्पष्ट इशारा आहे.

दुसरं, पुढच्या महिन्यात काय, हे विचारा. अडचण एकदाच आली असेल (अपघात, थकलेला पगार) तर रक्कम कामी येते. दर महिन्याला खर्च मिळकतीपेक्षा जास्त असेल तर आपण फक्त एक महिना पुढे ढकलतो. तिथे त्यांची इच्छा असेल तर सोबत बसून वही मांडा: येणारे पैसे, घर, अन्न, औषध, शाळा, कर्जाचे हप्ते. कर्जं अनेक असतील तर प्रत्येकाचा किमान हप्ता चुकवू नये आणि उरलेली रक्कम सर्वांत जास्त व्याजाच्या कर्जावर टाकावी.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला (लूक 10:34-35) हिशेबाच्या नजरेने वाचून पाहा. त्याने वाटेत लुटारूंनी मारून टाकलेल्या परक्या माणसाच्या जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत रात्रभर काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार दिले, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी (मत्तय 20:2 मध्ये दिवसाला एक दीनार आहे). पुढचं काम मालकावर सोपवलं, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन म्हणाला, आणि आपल्या वाटेला लागला. ठरावीक रक्कम, नेमका जबाबदार माणूस, आणि पुन्हा येऊन बघण्याचा शब्द. त्याने आपला प्रवास सोडला नाही, हेही लक्षात घ्या.

मंडळीचा मदतनिधी असेल तर पैसे दोघांनी मिळून मोजावेत, खात्यावर दोन सह्या असाव्यात, पावतीला क्रमांक असावा. ज्याला मदत दिली त्याचं नाव वार्षिक अहवालात येऊ नये, क्रमांक टाकावा. नावांची यादी दोघा-तिघांकडेच. निर्णय घेणाऱ्याचा नातेवाईक अर्जदार असेल तर त्याने त्या बैठकीतून उठावं. फोटो काढू नयेत. मदत हातात घेतानाचा फोटो हा त्या माणसाच्या गरिबीचा कायमचा दाखला होतो.

वनातला वाटसरू

हिशेबवही, एक शंका. "तुझा उजवा हात काय करतो हे डाव्या हाताला कळू नये" (मत्तय 6:3). मग वह्या, पावत्या, अहवाल कशाला?

हिशेबवही

ते वचन दिखाव्याबद्दल आहे, त्याच अध्यायाची पहिली ओळ पाहा: लोकांनी पाहावं म्हणून धर्माचरण करू नका. इतरांनी विश्वासाने दिलेल्या पैशांचं वेगळं. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी नेताना पौलाने मंडळ्यांनी निवडलेली माणसं सोबत घेतली, आणि कारणही लिहून ठेवलं: एवढ्या मोठ्या रकमेबाबत कुणी दोष लावू नये, आणि प्रभूच्या दृष्टीनेच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही सगळं चोख असावं (2 करिंथ 8:20-21). देणारा गुप्त राहू शकतो. निधी राहू शकत नाही.

दारातली खुर्ची

आपल्याकडे काम करणाऱ्या माणसांबद्दल अजून कुणी लिहिलं नाही. परक्या गरिबाला मदत करणं सोपं वाटतं, घरी काम करणाऱ्या बाईचा पगार चार दिवस उशिरा द्यायला काही वाटत नाही.

अनुवाद 24:14-15: गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी द्या, कारण त्याचा जीव तिच्यावर अवलंबून असतो. याकोब 5:4 मध्ये अडवून ठेवलेली मजुरी ओरडते असं आहे. तेव्हा ठरलेल्या तारखेला, मागायला न लावता पैसे द्या. सुट्टे नाहीत हे कारण होऊ नये. आपण बाहेरगावी गेलो म्हणून काम नसेल तर तो खाडा तिचा नाही, पैसे कापू नका. आठवड्याची सुट्टी आणि आजारपणाची रजा आधीच बोलून ठरवा. बसायला खुर्ची, प्यायला पाणी आपल्याच भांड्यातून, आणि घरातलं स्वच्छतागृह वापरायची मोकळीक. जुने कपडे देणार असाल तर धुऊन, गुंड्या-चेन तपासून द्या, आणि ते पगाराचा भाग समजू नका.

दान नंतर. आधी देणं चुकतं करा.

साधासुधा

+1. हे वेदीवरून वाचायला हवं.

चार मित्र

अपंग आणि वृद्ध माणसांबद्दल. पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून येशूकडे आणलं आणि गर्दीमुळे छप्पर उघडावं लागलं (मार्क 2:3-4). आजही बऱ्याच उपासनागृहांत दारापासूनच अडचण असते.

चाकाच्या खुर्चीसाठी उताराचं प्रमाण 1:12 धरतात. म्हणजे 15 सेंमीची पायरी असेल तर उतार किमान 180 सेंमी लांब हवा. त्याहून उभा उतार चढवताना ढकलणारा घसरतो आणि उतरताना खुर्ची हातातून सुटते. दाराची मोकळी रुंदी 80 ते 90 सेंमी असावी. खुर्चीला हात लावण्याआधी विचारा. तो त्या माणसाच्या शरीराचाच भाग समजा. पायरी उतरवताना खुर्ची उलटी, मोठी चाकं आधी. बसवताना-उठवताना ब्रेक लावलेले आणि पायटेकू वर उचललेले असावेत. बहुतेक पडणं इथेच होतं.

दृष्टिहीन माणसाचा हात धरून ओढू नका, आपलं कोपर पुढे करा, ते धरतील. पायरी आली की "वर" का "खाली" ते सांगा, आणि निघून जाताना "मी जातो" असं म्हणा, नाहीतर ते रिकाम्या जागेशी बोलत राहतात. कमी ऐकू येणाऱ्याशी ओरडू नका, समोर उजेडात उभे राहून सावकाश बोला. गीतांच्या मोठ्या अक्षरांतल्या (18 पॉइंट) काही प्रती ठेवा. स्मृतिभ्रंश झालेल्या आजी गेलेल्या यजमानांना शोधत असतील तर दरवेळी "ते वारले" म्हणून दुरुस्त करू नका. प्रत्येक वेळी बातमी नवीन असते. "त्यांची आठवण येते ना, कसे होते ते?" असं विचारून बोलतं करा.

आणि त्यांनाही काम द्या. नुसतं पुढच्या बाकावर बसवून ठेवणं म्हणजे सहभागिता होत नाही. फोनवरून आजाऱ्यांची चौकशी करणं, प्रार्थनेची यादी सांभाळणं हे खुर्चीवर बसून उत्तम होतं.

वनातला वाटसरू

नको असलेल्या माणसाचं काय? ज्याच्याशी वाकडं आहे तो?

उंबरठा

निर्गम 23:4-5 फार व्यवहारी आहे. शत्रूचा बैल चुकलेला दिसला तर परत नेऊन द्या, त्याचं गाढव ओझ्याखाली बसलं असेल तर उठवायला मदत करा. आधी मन साफ करा असं तिथे म्हटलेलं नाही. त्यांचं चुकून आपल्याकडे आलेलं पत्र नेऊन देणं, रात्री चालू राहिलेला दिवा किंवा गळणारा नळ कळवणं, इथून सुरू करता येतं.

चूक आपली असेल तर माफी अशी: काय केलं ते नेमकं, "पण" न जोडता, आणि भरपाई काय करणार ते. जकातदार जक्कयाने लुबाडलेलं चौपट परत करण्याची तयारी दाखवली (लूक 19:8). "तुम्हाला वाईट वाटलं असेल तर माफ करा" यात कबुली नसते. क्षमा लगेच मागून घेऊ नका, त्यांना वेळ द्या. चूक त्यांची असेल तर आधी एकट्याने, दोघांतच बोला (मत्तय 18:15). तिसऱ्याला सांगून झाल्यावर तो दरवाजा बंद होतो.

बेथानी

यात एक अपवाद ठळकपणे लिहायला हवा. घरात मारहाण किंवा लैंगिक अत्याचार असेल तर "दोघांत बोला", "क्षमा कर आणि परत जा" असं सांगायचं नाही. आधी सुरक्षित जागा, डॉक्टर, पोलीस किंवा कायद्याची मदत. दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवायचा प्रयत्न केला तर बाई तिथे खरं बोलू शकत नाही आणि घरी गेल्यावर तिलाच भोगावं लागतं. क्षमा करणं आणि त्या घरात परत राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलाने काही सांगितलं तर "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. "तुला सुरक्षित ठेवण्यासाठी ज्यांना सांगावं लागेल त्यांनाच सांगेन" म्हणा. मुलांबरोबरच्या कुठल्याही सेवेत दोन प्रौढ माणसं आणि उघडं दार.

आणि प्रार्थनेच्या ग्रुपवर कुणाची गोष्ट टाकण्याआधी त्याला विचारा: टाकू का, कोणत्या शब्दांत, कोणत्या ग्रुपवर. प्रार्थनेच्या नावाखाली फार चहाड्या होतात.

मोहरीचा दाणा

एक नाजूक प्रश्न. मदतीबरोबर सुवार्ता सांगावी का?

हिशेबवही

मदतीची अट म्हणून कधीच नाही. दहा कुष्ठरोगी बरे झाले, एकच परत आला (लूक 17), उरलेल्या नऊ जणांचं बरं होणं काढून घेतलं गेलं नाही. डब्यात पत्रक घालू नका, अन्न देण्याआधी प्रार्थनेला बसवू नका. भुकेल्या माणसाला नाही म्हणायची मोकळीक नसते, म्हणून तिथे मिळालेल्या "हो"ला काही अर्थ नाही. कुणी आपणहून विचारलं तर सौम्यतेने आणि आदराने उत्तर द्यायला तयार असावं (1 पेत्र 3:15). चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्माच्या विरोधात असलेल्या सम्राट ज्युलियनच्या नावच्या पत्रात तक्रार आहे की हे गालीली (म्हणजे ख्रिस्ती) लोक आपल्या गरिबांबरोबर आमच्याही गरिबांना पोसतात. त्या मंडळीने आपला-परका पाहिला नाही, हे विरोधकाच्याच पत्रात उरलं.

वनातला वाटसरू

हे पटलं. धन्यवाद.

शुश्रूषा

मदत करणाऱ्याच्या थकव्याबद्दलही लिहितो, नाहीतर वरचं सगळं दोन महिन्यांत बंद पडेल.

प्रत्येक कामाला शेवटची तारीख द्या. "31 तारखेपर्यंत मंगळवारी मी येईन, मग पुन्हा बोलू." तारीख नसली की एक दिवस अचानक थांबावं लागतं आणि ते त्या घराला टाकून दिल्यासारखं वाटतं. एका घरामागे दोन माणसं असावीत, म्हणजे एक आजारी पडला तरी चालतं. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करत बसला, तेव्हा सासऱ्याने सांगितलं की तू झिजून जाशील, हजार, शंभर, पन्नास आणि दहा जणांवर माणसं नेम (निर्गम 18). यरुशलेमच्या मंडळीतही रोजच्या वाटपात काही विधवा वगळल्या जात होत्या, तेव्हा सात जण निवडून व्यवस्था लावली (प्रेषितांची कृत्ये 6:1-6).

खुणा ओळखा: त्या घरचा फोन आला की वैताग येणं, घरच्यांवर चिडचिड, आणि "माझ्याशिवाय त्यांचं होणारच नाही" असं वाटणं. तिसरी खूण सर्वांत धोक्याची. जे काम ते स्वतः करू शकतात ते हळूहळू परत त्यांच्या हाती द्या. गलती 6 मध्ये एकमेकांची ओझी वाहा हेही आहे (6:2) आणि प्रत्येकाने आपला भार वाहावा हेही (6:5), तीन ओळींच्या अंतराने.

साधासुधा

शेवटचा प्रश्न माझा. एकटा राहणारा शेजारी आहे, निरोप पाठवला, उत्तर नाही. पुन्हा पाठवला, नाही. मग?

उंबरठा

तो आधीही सहसा उत्तर देत नसेल तर निरोपात प्रश्न ठेवू नका. "उत्तर नको, आठवण आली म्हणून लिहिलं" असं दोन आठवड्यांनी एकदा लिहा आणि पाठवत राहा. पण नेहमी उत्तर देणारा माणूस दिवसभर गप्प असेल, दाराशी वर्तमानपत्र किंवा दूध तसंच पडलेलं असेल, दिवसाही दिवा जळत असेल, तर निरोपाची वाट पाहू नका. दार वाजवा, नावाने हाक मारा, फोन आत वाजतो का ऐका. ओ आली नाही तर ज्याच्याकडे दुसरी किल्ली आहे त्याला आणि आपत्कालीन सेवेला लगेच कळवा. म्हणून एकट्या राहणाऱ्या शेजाऱ्याची दुसरी किल्ली कुणाकडे असते आणि जवळच्या नातेवाइकाचा नंबर काय, हे त्याच्याच संमतीने आधी विचारून लिहून ठेवा. या आठवड्यात विचारलंत तरी चालेल.